सगळ्या टेस्ट पास, तरी गाडी गेटवर का अडते?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: चाकणच्या सुट्या भागांच्या कारखान्यात ईआरपी (ऑर्डर, साठा, हिशेब यांची मुख्य सिस्टीम), गोदामाची सिस्टीम, वाहतूकदाराचं पोर्टल आणि ई-इनव्हॉइस (सरकारी पोर्टलवर बिलाची नोंद) अशी चार टोकं जोडण्याचं काम तुमच्याकडे आहे. टेस्टिंगला चार माणसं, साधारण अकराशे टेस्ट केस (एकेक तपासणी आणि तिचा अपेक्षित निकाल), सगळ्या पास, वापरकर्त्यांची सहीही झालेली. तरी गो-लाइव्हनंतरच्या, म्हणजे सिस्टीम प्रत्यक्ष सुरू झाल्यानंतरच्या, पहिल्याच आठवड्यात तीन रात्री डिस्पॅच (माल रवाना करणं) बंद पडला. आता दुसऱ्या प्लँटचं काम सुरू होतंय आणि साहेब विचारताहेत की टेस्ट आपोआप चालवणारं ऑटोमेशनचं टूल घ्यायचं की आणखी दोन टेस्टर घ्यायचे.

माझं मत आधी सांगते: सध्या दोन्ही नको. दोन्हीचा उपयोग आहे, पण नंतर. गेली बावीस वर्षं मी हेच काम करते. सुरुवात भोसरीतल्या एका छोट्या कारखान्यात स्टोअरची सिस्टीम बसवण्यापासून झाली आणि तेव्हापासून बहुतेक काम पुणे-नाशिक रस्त्याच्या दोन्ही बाजूंना. तुमच्यासारखी परिस्थिती मी अनेकदा पाहिली आहे आणि दोनदा स्वतः भोगली आहे.

आधी एक मोजणी करा. अकराशेपैकी किती टेस्ट केस एका सिस्टीममध्ये सुरू होऊन दुसरीत संपतात? म्हणजे ईआरपीत डिलिव्हरी तयार केली, गोदामात पिकिंग झालं (माल काढला गेला), परत ईआरपीत साठा कमी झाला, बिल निघालं, क्यूआर कोड छापून आला आणि वाहतूकदाराकडे गाडीची नोंद दिसली, असा पूर्ण प्रवास. मी जिथे जिथे ही मोजणी करायला लावली, तिथे आकडा ऐकून खोलीत शांतता पसरली. कारण टेस्ट केस लिहिते प्रत्येक टीम, आणि टीम लिहिते ती आपल्या हद्दीपर्यंत. ईआरपीवाले म्हणतात, ‘आमच्याकडून मेसेज गेला.’ गोदामवाले म्हणतात, ‘मेसेज आला तर आम्ही नीट घेतो.’ दोघांचंही खरं असतं आणि माल तरी हलत नाही.

तुमची ईआरपी एसएपी कंपनीची असेल तर हे आयडॉकच्या, म्हणजे तिच्या मेसेजच्या, स्टेटसमध्येच दिसतं. बाहेर जाणाऱ्या आयडॉकला ०३ स्टेटस मिळालं की आपला माणूस टेस्ट केसवर ‘पास’ लिहितो. पण ०३ चा अर्थ एवढाच, की डेटा पोर्टकडे, म्हणजे बाहेर जायच्या दाराशी, सोपवला. पलीकडे तो पोचला का, वाचला गेला का, त्यातून नोंद झाली का, हे ०३ सांगतच नाही. आत येणाऱ्या आयडॉकला ५३ आलं तर नोंद झाली, ५१ आलं तर अडकली. तेव्हा पहिली सुधारणा फुकटात होणारी आहे: ज्या टेस्ट केसचा अपेक्षित निकाल ‘मेसेज गेला’ असा आहे, ती खोडा आणि निकाल पलीकडच्या सिस्टीममधल्या नोंदीत लिहा. ‘गोदामात अमुक डिलिव्हरीच्या तीन ओळी, अमुक नग, अमुक बॅच दिसल्या’ असा.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. त्यासाठी एक रात्र सांगते.

२०२१ सालची गोष्ट. त्या वर्षी १ एप्रिलपासून ५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ई-इनव्हॉइसची सक्ती झाली होती आणि आम्ही चाकणजवळच्या एका कारखान्याचं काम नुकतंच चालू केलं होतं. रात्री पावणेदोनला फोन आला म्हणून मी गेले. डिस्पॅचच्या खोलीत टेबलावर बिलाच्या चार प्रती पडलेल्या आणि चारही प्रतींवर क्यूआर कोडची चौकट कोरी. ज्या कंपनीला ई-इनव्हॉइस लागू आहे, तिचं आयआरएन (सरकारी पोर्टल क्यूआर कोडसोबत देतं तो नोंदणी क्रमांक) नसलेलं बिल कायद्याने बिल धरलंच जात नाही. त्यामुळे गेटवरचे मामा गाडी सोडायला तयार नव्हते आणि त्यांचं बरोबर होतं. ड्रायव्हर केबिनमध्ये झोपला होता.

झालं होतं असं. बिलाची माहिती पोर्टलवर पोचली, तिथे आयआरएन तयार झाला, पण उत्तर परत येताना कारखान्याची इंटरनेट लाइन काही सेकंद गेली. आमच्या मिडलवेअरने (सिस्टीमांमध्ये मेसेज नेणाऱ्या मधल्या सॉफ्टवेअरने) ठरलेला वेळ वाट पाहिली आणि तेच बिल पुन्हा पाठवलं. पोर्टलने बरोबर सांगितलं की या बिलाचा आयआरएन आधीच दिलेला आहे, एरर क्रमांक २१५०. त्या उत्तरात आधीचा आयआरएनही असतो, तो उचलून छापायचा एवढंच काम होतं. आमच्या कोडला मात्र एरर म्हणजे अपयश एवढंच ठाऊक. स्क्रीनवर लाल ओळ आली. पाळीतल्या मुलाने त्याला सुचलं ते केलं: ईआरपीत बिल रद्द केलं, नव्या क्रमांकाने दुसरं काढलं, पुढच्या वेळी लाइन चालू होती म्हणून त्याचा आयआरएन आला आणि गाडी निघाली. अशा त्या रात्री तीन गाड्या गेल्या. मी पोचले ती चौथी.

म्हणजे एकाच मालाची दोन-दोन बिलं पोर्टलवर नोंदली गेली. पोर्टलवर आयआरएन रद्द करायला २४ तास मिळतात. आमच्या लक्षात हे तिसऱ्या दिवशी आलं, जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी विवरणपत्र) मध्ये आपोआप भरलेल्या बिलांची बेरीज ईआरपीशी जुळेना तेव्हा. पुढचं निस्तरणं अकाउंट्सच्या लोकांनी हाताने केलं. त्या मुलाला बोलणी बसली. ती खरं तर मला बसायला हवी होती, कारण टेस्टिंगचा आराखडा माझा होता.

त्या आराखड्यात ई-इनव्हॉइसच्या चाळीस केस होत्या. बरोबर बिल, चुकीचा जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी क्रमांक), चुकीचा एचएसएन (मालाच्या वर्गाचा कोड), क्रेडिट नोट, निर्यातीचं बिल, सगळं. एकच केस नव्हती: काम पलीकडे झालं, पण उत्तर आपल्याला मिळालं नाही. दोन सिस्टीम जोडल्या की यशस्वी आणि अयशस्वी यांच्या जोडीला ‘माहीत नाही’ ही तिसरी अवस्था जन्माला येते. एकट्या सिस्टीमची टेस्टिंग करून आलेल्या माणसाच्या डोक्यात ती नसते, म्हणून त्याच्या टेस्ट केसमध्येही नसते. गो-लाइव्हनंतरचा पहिला आठवडा बहुतेक वेळा याच तिसऱ्या अवस्थेत जातो.

तेव्हापासून मी प्रत्येक इंटरफेससाठी (दोन सिस्टीममधल्या जोडणीसाठी) दोन्हीकडच्या माणसांना समोरासमोर बसवते आणि तेच ते प्रश्न विचारते. उत्तर आलंच नाही तर खरं काय मानायचं आणि ते कोण ठरवणार? तोच मेसेज दोनदा पोचला तर दुसऱ्यांदा काय होईल, साठा दोनदा कमी होईल का? रद्द केल्याचा मेसेज मूळ मेसेजच्या आधी पोचला तर? दहा ओळींपैकी सात घेतल्या आणि तीन नाकारल्या, तर त्या सात राहतील की सगळंच मागे फिरेल? आणि अडकलेला मेसेज रात्री दोन वाजता कुणाला दिसेल, त्याने नेमकं काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही?

यातल्या निम्म्या प्रश्नांना पहिल्या बैठकीत उत्तरच नसतं. ‘असं होणार नाही’ हे उत्तर मी घेत नाही. ‘होईल, तेव्हा असं करू’ हे वाक्य लिहून घेते आणि त्याची टेस्ट केस करते. प्रत्यक्ष करायला फार अवघड नाही. वायरमॉकसारखं फुकट मिळणारं साधन पलीकडच्या सिस्टीमची नक्कल करतं, त्यात उत्तर मुद्दाम उशिरा द्या, तोडा, दोनदा द्या. एसएपीत डब्ल्यूई१९ हा टेस्टचा स्क्रीन वापरून जुना आयडॉक बदलून पुन्हा सोडता येतो. आणि एकदा तरी खरंच नेटवर्कची केबल काढून बघा. मी एका प्रोजेक्टमध्ये भर दुपारी सगळ्यांसमोर केबल काढली होती. कागदावर निघाल्या नसत्या अशा सहा गोष्टी अर्ध्या तासात निघाल्या.

दुसरा मोठा भाग डेटाचा. तुमची टेस्टिंग कुठल्या डेटावर झाली? टेस्टरने बसून तयार केलेल्या दहा ग्राहकांवर आणि वीस आयटमवर झाली असेल, तर ती झालीच नाही असं समजा. तयार केलेला डेटा नेहमी शहाण्यासारखा वागतो. खऱ्या डेटात काय काय असतं ते बघा. ईआरपीत आयटम ‘००४५१७’ आहे, मधल्या एक्सेल शीटने शून्यं खाल्ली आणि गोदामात तो ‘४५१७’ झाला. ईआरपीत एकक ‘केजी’ आहे, ई-इनव्हॉइसच्या यादीत ‘केजीएस’ लागतं. वाहतूकदाराच्या ॲपवर ड्रायव्हरला मराठीत पत्ता दिसावा म्हणून तो मराठीत भरला, तर ‘पिंपरी-चिंचवड’ ही आपल्याला तेरा चिन्हं वाटतात, पण यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात आणि ती ३७ बाइट होतात. पलीकडे ३० बाइटची जागा असेल तर शब्द ‘चिं’नंतर एका ‘च’च्या मधोमध तुटतो आणि तिथून पुढची फाइल वाचताच येत नाही.

पैशांचंही तसंच. २७.२५ रुपयांच्या तीन ओळी घ्या, ९ टक्के सीजीएसटी. एका सिस्टीमने ओळीवार गोल केलं तर २.४५ तिनदा, म्हणजे ७.३५. दुसरीने एकूण ८१.७५ वर काढलं तर ७.३६. एका पैशाचा फरक. पण ग्राहकाची सिस्टीम बिल आणि ऑर्डर तंतोतंत ताडून बघणारी असेल तर त्या पैशापायी अख्खं बिल अडतं. गोल कुठे आणि कसं करायचं, हे दोन्ही टीमनी एकाच कागदावर लिहायला हवं.

म्हणून माझा आग्रह असतो की मागच्या वर्षातला एक पूर्ण महिना उचलायचा, आणि तो मार्च, १ एप्रिलच्या पहाटेसह, असलेला बरा. खऱ्या ऑर्डर, खरी बिलं, खरे घोळ. माणसांची नावं, फोन नंबर झाकून घ्या. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा आहे, आणि तो नसता तरी टेस्ट सर्व्हरवर कुणाचा फोन नंबर पडून राहणं बरोबर नाही. मग तो महिना नव्या जोडणीतून पुन्हा चालवायचा आणि शेवटी बघायचं: जुन्या व्यवस्थेत जितकी बिलं, जितकी रक्कम, जितका साठा निघाला होता, तितकाच इथे निघतो का? फरक आला तर एकेक फरक उलगडायचा. हे कंटाळवाणं काम आहे, पण सगळ्यात जास्त डिफेक्ट मला इथेच सापडले आहेत.

मार्च का, ते सांगते. एका प्रोजेक्टमध्ये मी डिस्पॅचच्या एका जुन्या माणसाला टेस्टिंगच्या खोलीत बसवलं होतं. दोन दिवस ते काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, ‘मॅडम, तिसऱ्या पाळीत बारानंतर पण गाड्या निघतात. त्या बिलांना तारीख कुठली पडते?’ आम्ही लगेच करून पाहिलं. ईआरपी भारतीय वेळेवर चालत होती, मिडलवेअर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर. आपली वेळ साडेपाच तास पुढे, म्हणजे रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळातलं प्रत्येक बिल मिडलवेअरमधून आदल्या दिवसाची तारीख घेऊन बाहेर पडत होतं. एरवी हे एका तारखेवर निभावलं असतं. पण १ एप्रिलच्या पहाटे दोन वाजताचं बिल ३१ मार्चचं झालं असतं, म्हणजे नव्या वर्षाच्या मालिकेतला क्रमांक आणि जुन्या आर्थिक वर्षाची तारीख. आयआरएन तयार होतो तोच मुळी विक्रेत्याचा जीएसटीआयएन, आर्थिक वर्ष, कागदाचा प्रकार आणि कागदाचा क्रमांक यांच्यावरून. आम्ही सगळ्या टेस्ट सकाळी दहा ते संध्याकाळी सात या वेळात केल्या होत्या, त्यामुळे आमच्यापैकी कुणालाही हा दोष सापडणं शक्य नव्हतं. ज्यांनी तीस वर्षं तिसरी पाळी केली, त्यांनाच तो दिसला.

अशीच सुट्टीची गोष्ट. भोसरी-चाकण पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. वाहतूकदाराच्या सिस्टीममध्ये सुट्टी रविवारची. ‘पुढचा कामाचा दिवस’ दोन्हीकडे वेगळा निघाला की गाडी गुरुवारी बंद गेटसमोर येऊन उभी राहते. दोन सिस्टीमची कॅलेंडरं शेजारी ठेवून पाहायला दहा मिनिटं लागतात.

म्हणूनच दोन टेस्टर वाढवण्याच्या पैशात, शक्य असेल तर, डिस्पॅच, स्टोअर आणि अकाउंट्समधला एकेक अनुभवी माणूस आठवड्यातून दोन दिवस मागून घ्या. शेवटच्या आठवड्यात सही करायला बोलावतात तसा नको, टेस्ट केस लिहिताना हवा. त्याच्या खात्याचा साहेब कुरकुर करेल. मी त्यांना गेल्या वेळी बंद पडलेल्या रात्रींचा हिशेब दाखवते, बहुतेक वेळा माणूस मिळतो.

काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मला इथून ठरवता येणार नाहीत. पलीकडची टीम तुमच्याच कंपनीची आहे की बाहेरची? बाहेरची असेल तर तिच्या करारात एकत्र टेस्टिंगचे दिवस लिहिलेले आहेत का? नसतील तर ती टीम चांगली असूनही येणार नाही, कारण त्या वेळाचे पैसे तिला कुणी देणार नसतं. दुसऱ्या प्लँटच्या करारात हे आत्ताच घालून घ्या. वाहतूकदार टेस्टसाठी वेगळी सिस्टीम देतो का? काही देत नाहीत, मग नक्कल करूनच भागवावं लागतं आणि ती नक्कल त्यांच्या खऱ्या उत्तरांशी दर थोड्या दिवसांनी ताडून बघावी लागते. तुमचे मेसेज क्षणाक्षणाला जातात की रात्री एकगठ्ठा, बॅचने? बॅच असेल तर वर सांगितलेल्या उशिराच्या प्रश्नाचं वजन कमी होतं आणि अर्धवट फाइलचं वाढतं. आणि मुदत किती आहे? सहाच आठवडे असतील तर सगळं जमणार नाही. मग मी पैशाला आणि गेटला हात लावणारे इंटरफेस आधी घेईन: ई-इनव्हॉइस, साठ्याची हालचाल, ग्राहकाला जाणारी डिस्पॅचची सूचना. अहवाल आणि डॅशबोर्ड मागे राहिले तरी चालतील.

आता ऑटोमेशनबद्दल. वरचं काम झालं की तुमच्याकडे प्रत्येक इंटरफेसचे नमुना मेसेज जमलेले असतील: बरोबर, चुकीचे, दोनदा आलेले, उलट्या क्रमाने आलेले, आणि प्रत्येकाचं ठरलेलं उत्तर. दोन्ही टीमनी मान्य केलेला तो संच हाच तुमचा खरा करार. तो आपोआप चालवा, रोज रात्री, कोणत्याही बाजूने बदल केला की लगेच. पॅक्ट नावाचं साधन याच कामासाठी आहे, पोस्टमनवरही बरंच भागतं. स्क्रीनवर बटणं दाबणारं ऑटोमेशन मी इंटिग्रेशनसाठी (सिस्टीम जोडणीसाठी) शक्यतो टाळते. एक फील्ड इकडचं तिकडे झालं की ते मोडतं आणि टीमचा सगळा वेळ टेस्ट दुरुस्त करण्यात जातो. तेव्हा महागड्या टूलची फाइल सध्या बाजूला ठेवा. नमुन्यांचा संच तयार झाल्यावर टूलकडून नेमकं काय हवंय ते तुम्हालाच कळेल आणि कदाचित बरंच स्वस्तात होईल.

कटओव्हरची, म्हणजे जुन्यावरून नव्या सिस्टीमवर जाण्याची, रंगीत तालीम किमान दोनदा करा. त्यातली एक रात्रपाळीत, खऱ्या प्रिंटरवर, खऱ्या गेटपाससह. साठा हलवताना अर्धवट राहिलेल्या डिलिव्हरींचं काय करायचं हे तालमीतच ठरतं, बैठकीत ठरत नाही.

गो-लाइव्हनंतरही टेस्टिंग संपलं असं समजू नका. पहिले ४५ दिवस रोज सकाळी नऊच्या आत एक ताळा करायचा: गेल्या चोवीस तासांत ईआरपीतून किती डिलिव्हरी गेल्या, गोदामात किती आल्या, किती बिलं निघाली, त्यातल्या कितींना आयआरएन आहे, चारही ठिकाणची संख्या आणि रक्कम. एका बिलाचा फरक असला तरी त्याच दिवशी कारण शोधायचं. २४ तासांची मुदत डोक्यात ठेवली तर सकाळी नऊ ही वेळ का, ते लक्षात येईल. २०२१ मध्ये आम्ही हा ताळा करत असतो तर ती दुहेरी बिलं दुसऱ्याच सकाळी दिसली असती आणि पोर्टलवरच रद्द झाली असती. फक्त एक बघा: त्या आयआरएनवर मालवाहतुकीचं ई-वे बिल चालू असेल तर आधी ते रद्द करावं लागतं, आणि रद्द केलेला बिल क्रमांक पुन्हा वापरता येत नाही. या दोन्हींच्या टेस्ट केस तुमच्या यादीत आहेत का, तेही एकदा तपासा.

तुम्ही लिहिलंय की तीन रात्री डिस्पॅच बंद पडला. त्या तीन रात्रींचे मिडलवेअरचे लॉग अजून असतील तर पुसले जाण्याआधी काढून ठेवा. त्यातले अडकलेले मेसेज एकेक करून बघा आणि प्रत्येकासमोर लिहा: हा ‘नाही’ होता की ‘माहीत नाही’ होता. दुसऱ्या प्लँटच्या टेस्ट केस तिथून लिहायला घ्या. आणि त्या रात्री पाळीत जो कोण होता, त्याला पहिल्या बैठकीला बोलवा. त्याने त्या वेळी काय काय करून पाहिलं, ते लॉगमध्ये नसतं.